वर्षातून एकदाच चावी मागणारे घड्याळ : अमळनेरच्या वाड्यात सापडले, पुढे काय करावे?

बोरीकाठ (अमळनेर) · ८ जानेवारी २०२३

मंडळी, नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्याकडील एका जुन्या कापूस व्यापाऱ्याचा वाडा उतरवण्याचे काम सुरू झाले, तेव्हा माडीवरच्या फडताळात, खतावण्यांच्या गठ्ठ्यामागे, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले एक पितळी घड्याळ निघाले. जुन्या घड्याळांचे माझे वेड गावात सर्वांना ठाऊक असल्यामुळे काम घेतलेल्या माणसाने ते भंगारात टाकण्यापूर्वी मला हाक मारली. "हाई वरीसमा एकदाव चावी मांगस म्हने, पन आते काहीच करत नही," एवढीच माहिती त्याच्याकडे होती.

घड्याळाची उंची जेमतेम एक फूट आहे. गोल बैठक, दोन खांब, त्यांवर पांढरी तबकडी, आणि तबकडीखाली आडव्या चौफुलीला अडकवलेले चार पितळी गोळे अशी त्याची रचना आहे. हे गोळे म्हणजेच लंबक असावा असे वाटते, परंतु तो डावी-उजवीकडे झुलणारा नसून जागच्या जागी गरगर फिरणारा आहे. तो ज्याला टांगलेला असतो ती मूळ वस्तू नाहीशी झाली असून तिच्या जागी कोणीतरी पाण्याच्या मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार बांधली आहे. गोळे हाताने फिरवले की तार पिळली जाते आणि तशीच पिळलेली राहते. वरचा काचेचा घुमटही नाही. मागच्या पत्र्यावर इंग्रजीत 'शॅट्झ', '४९', 'टू ज्वेल्स', 'अनॲडजस्टेड', 'जर्मनी' असे ठसे असून खाली '८ ५३' असे आकडे आहेत.

कारखान्यातून न जुळवताच बाहेर पडलेले घड्याळ कोणी विकत का घेईल, हे मला 'अनॲडजस्टेड' या शब्दामुळे कळेनासे झाले आहे. आणखी एक प्रश्न घाईचा आहे, कारण पितळ उजळण्यासाठी आईने चिंच भिजत घातली आहे.

चावी-कमान (भुसावळ) · ८ जानेवारी २०२३

आधी ती चिंच बाजूला ठेवायला आईंना विनंती करा. या घड्याळांच्या पितळेवर कारखान्यात पारदर्शक लाखेचा पातळ थर दिलेला असतो. चिंचेच्या आंबटपणाने तो ठिकठिकाणी निघतो आणि मग पितळ चित्त्यासारखे ठिपक्या-ठिपक्यांचे होते. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब घालून मऊ फडक्याने बैठक आणि खांब पुसा, तेवढे पुरे आहे.

माझे वडील रेल्वे वसाहतीजवळ चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त करत असत. त्यांच्या हाताखाली मी अशी तीन घड्याळे उघडलेली पाहिली आहेत. यांना चारशे दिवसांचे घड्याळ म्हणतात. शॅट्झ हा जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या ट्रायबर्ग गावचा कारखाना होता, '४९' हा यंत्राचा नमुना आहे आणि '८ ५३' म्हणजे ऑगस्ट १९५३. त्या काळात हे कारखानदार महिना आणि साल मागच्या पत्र्यावर ठोकत असत, ही आपल्यासारख्यांची मोठीच सोय झाली.

'अनॲडजस्टेड' हा शब्द अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे आला. यंत्रात रत्ने (आसांची टोके ज्यांत फिरतात ते कठीण खडे) किती आहेत, आणि ते यंत्र तापमान व स्थिती यांच्या फरकासाठी जुळवलेले आहे की नाही, हे यंत्रावरच छापावे असा तेथील जकातीचा नियम होता. त्यामुळे या शब्दाचा अर्थ 'बिघडलेले' असा नव्हे, तर 'उष्णतेच्या फरकाची जबाबदारी कारखाना घेत नाही' असा घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगते. कमान, म्हणजे चावीने गुंडाळली जाणारी स्प्रिंग, उतरवल्याशिवाय एकही स्क्रू सैल करू नका. वर्षभर पुरेल एवढी ताकद एका डब्यात गुंडाळलेली असते आणि तिची पट्टी बोटभर रुंद असते. चावी घट्ट धरून खटका मागे करायचा, चावी मुठीत हळूहळू सरकू द्यायची, पुन्हा खटका लावायचा, आणि असे थोडे थोडे करत ती रिकामी करायची. माझ्या वडिलांच्या उजव्या अंगठ्यावरचा व्रण अशाच एका कमानीचा होता.

पांझरेचा मास्तर (धुळे) · ९ जानेवारी २०२३

ताईंनी सांगितलेले सर्व योग्य आहे. तांब्याच्या तारेविषयी मी थोडे लिहितो, कारण मूळ चूक तेथेच आहे.

झुलत्या लंबकाला परत मध्याकडे आणण्याचे काम पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण करते. या घड्याळात ते काम टांगणाऱ्या पट्टीचा पीळ करतो. गोळे एका बाजूला फिरले की पट्टी पिळली जाते, आणि ती सुटताना गोळ्यांना उलटे फिरवते. म्हणून पट्टी लवचिक हवी, म्हणजे पीळ सुटल्यावर ती मूळ स्थितीत यायला हवी. मऊ तांब्याला दिलेला पीळ तसाच राहतो. मोटारीत तो गुण उपयोगी आहे, येथे मात्र त्याच गुणाने घड्याळ मुके झाले.

या युक्तीचे पेटंट अमेरिकेत ॲरन क्रेन यांनी १८४१ साली घेतले होते, मात्र तिला बाजारपेठ मिळवून दिली ती १८८० नंतर जर्मनांनी. आपल्या घड्याळाच्या जातीत मिनिटाला बहुधा आठ ठोके पडतात, म्हणजे एका ठोक्याला साडेसात सेकंद लागतात. साधे भिंतीवरचे घड्याळ तेवढ्या वेळात सात-आठ किंवा त्याहून अधिक ठोके देते. इतक्या सावकाश चालीमुळेच एका चावीत ते चारशे दिवस काढू शकते.

बोरीकाठ (अमळनेर) · ९ जानेवारी २०२३

चिंचेचे आता सार झाले आहे, त्यामुळे तो धोका टळला. आपणा दोघांचे मनापासून आभार. कमान उतरवली, तिला पाऊण तास लागला. आता पट्टी कोठे मिळेल?

चावी-कमान (भुसावळ) · १० जानेवारी २०२३

वडिलांच्या पेटीत कागदात गुंडाळलेल्या काही जुन्या पट्ट्या आहेत. त्यांतली लांबीला जुळेल अशी एक कुरिअरने पाठवते. जाडी मात्र तुम्हाला मोजून घ्यावी लागेल.

लेथवाला (जळगाव) · १० जानेवारी २०२३

जाडी मोजायची असेल तर पट्टी घेऊन माझ्याकडे या. एमआयडीसीत आमच्या शॉपवर चांगला मायक्रोमीटर आहे, त्याचे काही पैसे पडणार नाहीत. मलाही हे प्रकरण डोळ्यांनी पाहायचे आहे.

बोरीकाठ (अमळनेर) · ५ फेब्रुवारी २०२३

आता झालेल्या कामाचा सविस्तर अहवाल देतो.

यंत्र पूर्ण सुटे केले. काळे पडलेले जुने तेल पेट्रोलने धुतले आणि प्रत्येक छिद्र कडुलिंबाच्या टोक केलेल्या काडीने, काडी पांढरी बाहेर येईपर्यंत, फिरवून स्वच्छ केले. एका छिद्राला अकरा काड्या लागल्या. तेल फक्त आसांच्या टोकांना, सुईच्या अग्रावर मावेल इतके दिले आणि चाकांचे दाते कोरडेच ठेवले. पूर्वी कोणीतरी दात्यांनाही तेल पाजले होते आणि त्यावर बसलेली धूळ सरकीच्या पेंडीसारखी घट्ट झाली होती.

भुसावळहून आलेली पट्टी जळगावला मोजली, ती ०.१०५ मिलिमीटर भरली. बसवल्यावर घड्याळ चालू झाले, पण दिवसाला तब्बल पन्नास मिनिटे पुढे जाऊ लागले. गोळे बाहेरच्या बाजूला जेवढे सरकतात तेवढे सरकवूनही ते आवरेना.

पांझरेचा मास्तर (धुळे) · ५ फेब्रुवारी २०२३

त्यात नवल नाही. चपट्या पट्टीचा पिळाला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो, आणि घड्याळाची चाल त्या विरोधाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे पट्टी अडीच टक्के जाड झाली, तर चाल पावणेचार टक्के वाढते, आणि चोवीस तासांचे पावणेचार टक्के म्हणजे चौपन्न मिनिटे. आपल्याला शंभरातील अडीच भागच कमी करायचे आहेत. एवढी जाडी केसाच्याही विसाव्या हिश्श्यात बसेल.

लेथवाला (जळगाव) · ६ फेब्रुवारी २०२३

आमच्या कोणत्याही यंत्रावर ते काम होणार नाही, ते हातानेच करावे लागेल. हजार नंबरचा पॉलिश पेपर दुमडून पट्टी त्यात धरा आणि वरून खाली, एकाच दाबाने, दोन्ही बाजू सारख्या ओढा. मागे-पुढे घासू नका, पट्टीला लाट पडेल.

बोरीकाठ (अमळनेर) · १९ फेब्रुवारी २०२३

दहा वेळा ओढायची, बसवायची, एक दिवस पाहायचे आणि पुन्हा काढायची, असे चार वेळा केल्यानंतर घड्याळ वेळेवर आले. मध्येच एक चमत्कारिक गोष्ट घडली. एके सकाळी उठून पाहतो तर ते तीन तास पुढे होते आणि गोळे एकदा फिरत असताना आतून एका ठोक्याऐवजी टकटकटक असे अनेक ठोके येत होते. काय करावे हे सुचेना म्हणून ताईंना फोन केला. त्यांनी आवाज ऐकूनच सांगितले की पट्टीवरचा छोटा चिमटा, म्हणजे जो यंत्राकडून धक्का घेऊन पट्टीला देतो तो, फार खाली बसला आहे. तो दोन-एक मिलिमीटर वर सरकवल्यावर फडफड थांबली.

ठोका मध्यावर आणण्यास मात्र एक संपूर्ण रविवार गेला. ठोका पडल्यानंतरही गोळे आणखी थोडे पुढे जाऊन मग परत फिरतात. हे पुढे जाणे दोन्ही बाजूंना सारखे हवे, तरच घड्याळ न थांबता चालते. वरचा पट्टीचा आधार केसभर फिरवायचा, गोळे शांत होऊ द्यायचे, पुन्हा पाहायचे. काचेचा घुमट मिळेपर्यंत त्यावर लोणच्याची मोठी बरणी उपडी घातली आहे. पाहुणे विचारतात की आत कैरी कोणती आहे.

केळीबाग (सावदा) · २० फेब्रुवारी २०२३

बरणीवरून आठवले म्हणून विचारतो. घड्याळ चालू असताना ते एका खोलीतून दुसरीकडे न्यायचे असल्यास काय करावे?

चावी-कमान (भुसावळ) · २० फेब्रुवारी २०२३

बैठकीच्या जवळ लंबक उचलून धरणारा एक खटका असतो. तो लावल्याशिवाय घड्याळ टेबलावरून इंचभरही हलवू नये. या घड्याळांच्या पट्ट्या चालून चालून तुटल्याचे मी पाहिलेले नाही, केर काढताना उचलल्यामुळे तुटल्याचे मात्र पाहिले आहे.

बोरीकाठ (अमळनेर) · २२ एप्रिल २०२३

आज आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. पितरांची घागर भरून झाल्यावर घड्याळाला पूर्ण चावी दिली. पुढच्या आखाजीपर्यंत त्याला हात न लावण्याचे ठरवले आहे.

बोरीकाठ (अमळनेर) · २८ मे २०२३

हात न लावण्याचा निश्चय आता फार दिवस टिकेल असे दिसत नाही. मार्चपर्यंत आठवड्याला मिनिटभराच्या फरकाने चालणारे घड्याळ आता रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडत आहे. काहीही बदललेले नाही, धूळ नाही, बैठकही समतल आहे.

केळीबाग (सावदा) · २८ मे २०२३

माझ्या मते यंत्र झिजलेले आहे आणि ते आपण मान्य करत नाही आहात. उन्हाचे कारण कोणी पुढे करणार असेल तर आधीच सांगतो की आमच्या ओसरीवर आजोबांच्या वेळचे टोलाचे घड्याळ आहे, आणि सावद्याचा मे महिना अमळनेरहून थंड नाही. ते पंधरा दिवसांत दोन मिनिटेही चुकत नाही. गोळे थोडे आत घ्या, चाल वाढेल, प्रश्न मिटेल.

पांझरेचा मास्तर (धुळे) · २९ मे २०२३

केळीबाग यांचे निरीक्षण अचूक आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. दोन्ही घड्याळांना उष्णता सारखीच लागते, फक्त ती वेगळ्या ठिकाणी लागते.

आपल्या टोलाच्या घड्याळात उन्हाने लंबकाची दांडी लांबते. पोलादी दांडी धरली तर एका अंशाला दिवसातून सुमारे अर्धा सेकंद एवढाच फरक पडतो, आणि दांडी लाकडी असेल तर त्याहूनही कमी. गुरुत्वाकर्षणाला मात्र मे महिना कळत नाही. चारशे दिवसांच्या घड्याळात गुरुत्वाकर्षणाचे काम पट्टी करते, आणि पोलाद तापले की त्याचा ताठपणा कमी होतो. मग पट्टी गोळ्यांना परत फिरवण्यास आळस करते. पोलादी हेअरस्प्रिंग (केसासारखी बारीक कमान) आणि पितळी चक्र असलेल्या जुन्या खिशातल्या घड्याळात हा परिणाम एका अंशाला दिवसाकाठी सुमारे अकरा सेकंद इतका असतो. आपले घड्याळ तत्त्वतः तसलेच, फक्त आडव्याचे उभे केलेले.

बोरीकाठ, पट्टीला लोहचुंबक लावून पाहा. शिवाय ज्या खोलीत घड्याळ आहे तेथील तापमान दिवसातून तीन वेळा लिहून त्याची सरासरी कळवा. फेब्रुवारीत जुळवले तेव्हाचे तापमान आठवत असल्यास तेही.

बोरीकाठ (अमळनेर) · ४ जून २०२३

चुंबकाला पट्टी चिकटते, म्हणजे ती पोलादी असावी. आठवडाभराची सरासरी ३८ अंश आली. रात्री दोन वाजतासुद्धा आमच्या माळवदाच्या खोलीत ३५ च्या खाली पारा उतरत नाही. फेब्रुवारीत जुळवणी केली तेव्हा वहीत २५ अंश लिहिलेले आहे.

पांझरेचा मास्तर (धुळे) · ४ जून २०२३

तेरा अंश गुणिले अकरा सेकंद, म्हणजे एकशे त्रेचाळीस सेकंद. दोन मिनिटे तेवीस सेकंद झाले. आपण सुमारे अडीच मिनिटे लिहिले होते.

केळीबाग (सावदा) · ४ जून २०२३

गणित मान्य आहे आणि झिजेचा आरोप मागे घेतो. तरीही माझा उपाय उपयोगी पडतोच : आखाजीला गोळे आत, दिवाळीला बाहेर.

चावी-कमान (भुसावळ) · ५ जून २०२३

वडील रेल्वेतल्या एका साहेबांच्या घड्याळासाठी अगदी हेच करत असत, वर्षातून दोनदा, आणि त्याचे पैसे घेत नसत. पण प्रत्येक वेळी लंबक थांबतो, ठोका पुन्हा जुळवावा लागतो, आणि उचलताना पट्टी जाण्याची भीती असते.

यावर उपाय निघालेला आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील चार्ल्स टेरविलिगर यांच्या होरोलोव्हर कंपनीने नी-स्पॅन-सी या निकेल मिश्रधातूच्या पट्ट्या आणल्या. तापमान बदलले तरी त्या धातूचा ताठपणा जवळजवळ बदलत नाही. आजही त्या यंत्राच्या नमुन्यानुसार तयार जाडीच्या मिळतात. तुमच्यासाठी ०.००४० इंची मागवा, म्हणजे घासण्याचा व्यापही वाचेल.

पांझरेचा मास्तर (धुळे) · ५ जून २०२३

एक लहानशी भर घालतो. अशा मिश्रधातूंचा मूळ शोध शार्ल एदुआर गियोम या स्विस शास्त्रज्ञाचा. उष्णतेने जवळजवळ न वाढणारा इन्व्हार आणि ताठपणा न बदलणारा एलिन्व्हार या दोन्ही निकेल-पोलादांवर त्यांनी काम केले, आणि १९२० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्यांना निकेल-पोलादांवरच्या या संशोधनासाठी मिळाले. शाळेत मी हे दरवर्षी सांगत असे आणि मुलांना त्यात गोडी वाटत नसे, कारण दाखवायला घड्याळ नव्हते.

बोरीकाठ (अमळनेर) · १७ सप्टेंबर २०२३

पट्टी ऑगस्टमध्ये आली. रंगाने ती पोलादापेक्षा किंचित फिकट आहे, हातात घेतल्यावर वेगळे काही वाटत नाही. जुनी पट्टी कागदात गुंडाळून, त्यावर 'भुसावळ, पोलादी' असे लिहून ठेवली आहे. बदल करताना कमानीला हात लावावा लागला नाही, त्यामुळे आखाजीची चावी तशीच चालू आहे. काचेच्या घुमटाचा नाद सोडून लेथवाल्यांनी कापून दिलेली ॲक्रिलिकची नळी आणि वर चकती असे झाकण बसवले आहे. बरणी पुन्हा लोणच्याकडे गेली. झाकण केवळ शोभेसाठी नाही, हेही सांगतो : जूनमध्ये ते न घालता कूलर सुरू केला तेव्हा वाऱ्याच्या झोताने गोळे डगमगून ठोके चुकू लागले होते.

बोरीकाठ (अमळनेर) · १४ जानेवारी २०२४

ऑक्टोबरचे ऊन आणि आताची थंडी दोन्ही पाहून झाले. आठवड्याचा फरक दोन मिनिटांच्या आत राहिला आहे. खरी परीक्षा मेमध्ये होईल.

बोरीकाठ (अमळनेर) · १० मे २०२४

आज पुन्हा आखाजी. मधल्या काळात एक गोष्ट माझ्या लक्षात आलीच नव्हती, ती आईने पंचांग पाहून सांगितली. गेल्या वर्षी अधिक श्रावण होता, त्यामुळे दोन आखाजींमधले अंतर ३८४ दिवसांचे झाले. म्हणजे चारशे दिवसांचे घड्याळ आज शेवटच्या सोळा दिवसांत होते.

ते थांबले नाही. ठोक्यानंतर गोळ्यांचे पुढे जाणे मात्र गेल्या वर्षीच्या निम्म्यावर आले होते, आणि सकाळी कान लावून बसल्यावर दोन ठोक्यांमधली शांतता लांबल्यासारखी वाटली. तो भासच असणार, कारण वेळ बरोबर होती. खोलीत ३७ अंश असताना गेल्या आठवड्याची एकूण चूक एक मिनिट चाळीस सेकंद आहे. दुपारी चावी दिली. पुढची आखाजी ३० एप्रिलला आहे, म्हणजे या वेळी ३५५ दिवसच काढायचे आहेत.

केळीबाग (सावदा) · ११ मे २०२४

अभिनंदन. एक विनंती आहे. चोपड्याला माझ्या मेहुण्यांच्या घरी अशाच बांधणीचे घड्याळ आहे, परंतु त्याला चार गोळ्यांऐवजी एकच सपाट जाड चकती आहे. ती खाली पडलेली आहे आणि वर पट्टीचा बोटभर तुकडा लोंबतो आहे. मेहुणे म्हणतात की गावातल्या मोटार वाइंडिंगवाल्याला दाखवतो.

चावी-कमान (भुसावळ) · ११ मे २०२४

चकतीचा लंबक म्हणजे ते बोरीकाठ यांच्या घड्याळापेक्षा बरेच जुने असण्याचा संभव आहे. मेहुण्यांना आजच फोन करा. लोंबणारा तुकडा काढू नये, खाली पडलेला तुकडाही शोधून ठेवावा, कारण त्यावरून जाडी मोजता येईल. मागच्या पत्र्याचा उजेडात एक फोटो येथे टाका. आणि चावीला कोणी हात लावू नये, कमान भरलेली असू शकते.